समोरच्या संघाच्या बाई

रेल्वेवाल्या बाई कबड्डी बघताना खेळाडूंचे पाय बघत नसत, डोळे बघत. चांदूर रेल्वे या गावच्या शाळेत त्या खेळशिक्षिका होत्या, म्हणून आम्ही अकोटच्या मुलींनी त्यांना हे नाव ठेवलेलं. त्यांचा संघ नेहमी आमच्या विरुद्ध, त्यामुळे ते जरा चिडूनच घ्यायचो. मैदानाबाहेरून त्या एकच ओरडत, "डोकं सांभाळा वं पोरींनो, गुण मंग!"

अमरावतीच्या अंतिम सामन्यात पकडीतून सुटताना माझं डोकं एका मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. तरी मी मध्यरेषा शिवली. टाळ्या पडल्या. उठले आणि आमच्या बाजूला यायचं सोडून बाईंच्याच पोरींमध्ये जाऊन उभी राहिले. सगळे हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. पंचांना थांबवून त्या माझ्यासमोर आल्या.

"इकडे पाह्य. आता गुण कोणं घेतला?"

मला आठवेना. उलट मीच त्यांना विचारलं, "सामना सुरू झाला का?" हे मी तीनदा विचारलं म्हणे.

बाई आमच्या सरांना म्हणाल्या, "सर, हिच्या मेंदूले हादरा बसला. आज हिले खेळवू नका."

"रक्त नाही, टेंगूळ नाही. आमची मेन रेडर बसवून जिंकाचं आहे काय, मॅडम?"

लोकांनी बाईंची हुर्यो उडवली. मीही म्हणाले, "मी ठीक आहो, सर."

बाई मागे वळल्या. "वैशाली, बाहेर ये."

वैशाली त्यांची सगळ्यात भारी चढाईपटू. "काहून, बाई?"

"ही बसली, आता तूही बस. बराबर झालं ना, सर?"

सरांची मान खाली गेली. त्यांनी मला बाहेर घेतलं. दहा मिनिटांत मला उलटी झाली, तेव्हा तेच मला ऑटोत घालून दवाखान्यात निघाले. बाईंनी बजावलं, "हिले आज एकटं सोडू नका. दुखणं वाढलं, पुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून उठेना झाली, तर डॉक्टरले पुन्हा दाखवा." बाईंचा संघ दोन गुणांनी हरला.

पुढच्या रविवारी त्या एसटीने आमच्या घरी आल्या. माझी आई बाजारात भाजी विकते. डोकं दुखतं म्हणून मी पडून राहायचे, तर पोरगी कामाचा कंटाळा करते, असं तिला वाटत होतं. बाई तिला म्हणाल्या, "पाय मोडला तर प्लास्टर दिसते, ताई. हे दिसत नाही, म्हणून पोरगी खोटं बोलून राहिली वाटते." आईने मेथीच्या दोन जुड्या त्यांच्या पिशवीत घातल्या. मला बाईंनी क्रम आखून दिला: आधी चालणं, मग पळणं, आणि डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच पकड. मैदानात उतरायला मला महिना लागला.

बऱ्याच वर्षांनी वैशाली भेटली तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, "राग तर लय आला होता. पण त्या दिवशी मले समजलं, उद्या मी पडली, तर बाई कपाकडे पाहणार नाहीत."

आता मी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळेत खेळ शिकवते. डोकं आपटलेल्या मुलीला बाहेर घेते तेव्हा पालक भांडतात. भांडू देत.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मी मागच्या रांगेत बसले होते. मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हे. भाषण मध्येच थांबवून त्यांनी मला वर बोलावलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "साहेब, ही जलमभर माह्या विरुद्ध खेळली. हीबी माहीच पोरगी." व्यासपीठावर त्यांच्या जुन्या संघातल्या मुलींच्या रांगेत वैशाली सरकली आणि तिने मला जागा करून दिली.