पुन्हा घेतलेल्या सीड्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे तर मी पटकन डोळे मिटून भलतंच काहीतरी मागून घेते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही विलासला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुमच्याशीही खोटंच बोलले असते, आणि मी खोटं बरं बोलते.

विलास माझा नवरा. श्रीवर्धनच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो, म्हणून मी त्याला अजूनही अरे-तुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खपलं नाही. तो जहाजावर इंजिनात होता. उमेदीची सगळी वर्षं त्या लोखंडी खोलीत, तेलाच्या वासात आणि धडधडाटात गेली. वर्षातले थोडे महिने माझ्या वाट्याला, बाकीचे दर्याच्या. घरी येताना बाकीचे जहाजी अत्तरं आणायचे, ब्लँकेटं आणायचे. हा रॉकच्या सीड्या आणायचा. पहिल्यांदा ती जड बॅग उघडली तेव्हा मला वाटलं होतं, साड्या असतील. तोंड कसं झालं असेल माझं, तुम्हीच ठरवा.

इंग्रजी गाण्यांतलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, आताही शब्द कळत नाहीत. मी सीड्यांना त्यांच्या वेष्टनावरच्या चित्रांवरून नावं ठेवली — छत्रीवाली, ओला घोडा, तीन खुर्च्या. आधी तो हसला, मग तोही तेच म्हणायला लागला. 'अगं, ओला घोडा कुठे ठेवलास?' असं ऐकून आमच्याकडे आलेला पाहुणा एकदा परसात बघायला गेला होता. आणि हळूहळू — काय सांगू — मला ती गाणी आवडायला लागली. छत्रीवालीतलं चौथं गाणं लागलं की माझा हात कणकेत तसाच थांबतो.

नोकरी संपवून तो कायमचा घरी आला. मैत्रिणी म्हणाल्या, आता बघ, नवरा दिवसभर घरात म्हणजे डोक्याला ताप. तसं काही झालं नाही. पण दुसरंच झालं. मला कळलं की याला माझी तशी गरजच नाही. स्वतःचा चहा स्वतः करायचा, कपडे धुवायचा, बटणं शिवायचा, वाडीतला पंप उघडून पुन्हा जोडायचा. जहाजावर सगळंच शिकला होता. इतकी वर्षं मी त्याची वाट पाहिली, आणि आला तो असा, कुणावाचून काही न अडणारा. हे मी सांगते आहे ते सबब म्हणून नाही. फक्त माहीत असावं म्हणून.

त्याच सुमारास त्याला रिमास्टरचं वेड लागलं. म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण मूळ टेपवरून पुन्हा घ्यायचं, साफसूफ करायचं आणि तोच अल्बम नव्या सीडीवर पुन्हा विकायचा. मी म्हटलं, "घरात भांडी असताना तीच भांडी परत कोण विकत घेतं?"

"भांडी तीच, कल्हई नवी," तो म्हणाला. "ऐकशील तेव्हा कळेल."

पहिली आली ती छत्रीवालीच. पार्सल आलं त्या दिवशी तो दाढी करून बसला होता, जणू मुलगी बघायला जायचंय. परीक्षेची पद्धत त्याने आधीच ठरवली होती. तो ओटीवर खुर्ची टाकून वाडीकडे तोंड करून बसणार, डोळे मिटून. आत ॲम्प्लिफायरपाशी मी. आधी एक सीडी लावायची, मग दुसरी, पण जुनी कुठली नि नवी कुठली ते सांगायचं नाही. त्याने ओळखायचं.

त्याला ओळखता आलं नाही.

दोनदा ऐकलं, तीनदा ऐकलं. "फरक आहे गं," म्हणाला, "असणारच. पण..." खरं सांगायचं तर मला थोडा फरक कळत होता. नव्या सीडीत मागची झांज जरा उजळ होती, गिटारचं बोट तारेवरून घसरतं तेही ऐकू येत होतं. त्याचा चेहरा मात्र मी पाहिला. शाळेत गणिताचा निकाल लागायचा तेव्हा तो असाच दिसायचा. मला ते बघवेना.

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा बसला. मी पुन्हा आत. जुनी वाजवली. मग नवी घातली, आणि —

इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनातसुद्धा. पण आता इथवर आलेच आहे, तर सांगून टाकते. ॲम्प्लिफायरला आवाजाचं मोठं गोल बटण आहे. नवी सीडी घातली आणि मी ते बटण जरासं पुढे सरकवलं. एवढंसं. भाजीत चवीपुरती साखर घालतो ना आपण, तेवढं.

विलास खुर्चीतून उठला. आत आला, माझे दोन्ही हात धरले. "ऐकलंस? झांज ऐकलीस? ही नवी. हीच नवी." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी म्हटलं, "हो रे, किती स्वच्छ." असा आनंद मी त्याला दुसरा कसला दिला होता, सांगा? लग्नालासुद्धा तो इतका खूश दिसत नव्हता, फोटो आहेत.

मग रविवार ठरूनच गेले. एकेक करून सगळ्या सीड्या पुन्हा आल्या. ओला घोडा आला, तीन खुर्च्या आल्या. त्याचे जुने जहाजी मित्र फोन करून विचारायचे, घेतलेल्या सीड्या परत घ्यायच्या म्हणजे पैसे पाण्यात नाहीत ना? विलास ठासून सांगायचा, "डोळे मिटून घ्या." डोळे हाच मिटत होता, आणि बटणावर हात माझा. रविवारी सकाळी त्याचं माझ्यावाचून अडायचं. मी नुसती धुंद असायचे त्यात.

तुम्हाला वाटेल, एवढंसं बटण, त्यात काय मोठंसं पाप? मलाही पहिले काही महिने तसंच वाटलं.

मग तो पंपाचा दिवस. आमच्या वाडीत सुपारीला पाणी द्यायला पंप आहे. त्या सकाळी त्याचं बेअरिंग किंचाळत होतं. कर्कश, दातांत कळ जाईल असं. मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर गेले. विलास पंपाजवळच्या दगडावर बसून शांतपणे पेपर वाचत होता. इंजिनाचा माणूस. नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगणारा. त्याच्या कानाशी ते बेअरिंग रडत होतं आणि तो पान उलटत होता.

तेव्हा मला सगळं कळलं. पहिल्या रविवारी त्याला फरक का कळला नव्हता, तेही कळलं. दोष सीडीचा नव्हताच.

मी काय केलं? पंप बंद केला. "लाइट गेली वाटतं," म्हटलं. तो बाजारात गेला तेव्हा बाजूच्या आळीतल्या माणसाला बोलावून बेअरिंग बदलून घेतलं. आणि पुढच्या रविवारी बटण आणखी थोडं पुढे सरकवलं. जुनी सीडी वाजताना थोडं मागेही घेतलं, म्हणजे फरक ठळक पडेल.

का नाही सांगितलं? भ्याले, हे एक. कानाचं काही निघालं तर तो मनानं खचेल अशी भीती. पण ही झाली सांगायची भीती, चारचौघांत शोभेल अशी. आतली अशी होती की, कान दाखवले की रविवार संपणार. मग मी पुन्हा स्वयंपाकघरात एकटी पोळ्यांची कणीक मळत बसणार. हे असं आहे बघा. प्रेम होतंच, ते खोटं नव्हतं. पण प्रेमाच्या पदराखाली मी जे लपवलं ते काही प्रेम नव्हतं.

आणि एक माणूस खरं बोलला, त्यालाही मी खोटं पाडलं. इक्बालभाई — विलासबरोबर जहाजावर असलेला त्याचा जिवाभावाचा मित्र, पलीकडे मुरूडजवळ राहतो. एका रविवारी तो आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून आमच्याकडे आला, येताना स्वतःची जुनी छत्रीवाली घेऊन. विलासने मोठ्या थाटात त्याला परीक्षेला बसवलं. इक्बालभाई डोळे मिटायला तयार नव्हता. तो सरळ आत आला, मी होते तिथे उभा राहिला, आणि बटणाला हात न लावता दोन्ही सीड्या वाजवल्या.

"अरे विलास, थोडी साफ हाय, कबूल," तो म्हणाला. "पण तू सांगतोस तेवढा फरक न्हाय. कल्हईनं टोप मोठा होत न्हाय. तुला जुनी दबलेली लागते ती सीडीमुळं न्हाय. अरे, आपण दोघं त्या इंजिनात होतो. मी मशीन लावलीय कानाला, बघ ही. तू पण दाखव एकदा."

विलासने माझ्याकडे पाहिलं. तो वाद घालत नव्हता. खरंच विचारत होता. डोळ्यांत थोडी भीती होती, आणि मी 'दाखवूया' म्हटलं असतं तर तो त्याच आठवड्यात डॉक्टरकडे आला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी म्हटलं, "इक्बालभाई, त्याचे कान चांगले तिखट आहेत. स्वयंपाकघरातून पुटपुटलेलंही ऐकतो. आणि मलापण कळतो की फरक."

इक्बालभाईने स्वतःची सीडी वेष्टनात परत घातली. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोलता तर असेल." घोळ माशाची आमटी केली होती, ती त्याने नेहमीसारखी दोनदा मागून घेतली नाही.

ही माझी चूक. बटण नव्हे — हे. बटण म्हणाल तर लाडाचं होतं, पण या वेळी माणसाने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. त्यानंतर वर्षं गेली. आवाज चढत गेला. शेजारच्या वहिनी रविवारी मुद्दाम देवळात जायला लागल्या.

शेवटी दिघीच्या धक्क्यावर मागे येणाऱ्या ट्रकचा भोंगा विलासला ऐकू आला नाही. इक्बालभाई बरोबर होता म्हणून, त्याने दंड धरून ओढलं. मग मात्र इक्बालभाईने कुणाला विचारलं नाही, मला तर नाहीच. विलासला परस्पर अलिबागला डॉक्टरांकडे नेलं; मी मागाहून पोचले. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावून समजावलं. इंजिनाने गेलं ते जाणारच होतं. पण वेळेवर मशीन लावली असती तर उरलेलं नीट वापरता आलं असतं. आवाज बराच काळ कानाला मिळाले नाहीत की मेंदू ते ओळखायचं विसरतो. आणि मोठ्या आवाजाने उरलेलंही झिजतं. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?" त्यांनी विचारलं. सहज विचारलं, चिडून नाही. मी म्हटलं, "नाही हो."

आता विलासच्या दोन्ही कानांत मशीन आहे. बोलणं ऐकू येतं, पण शब्द विस्कटून येतात, 'पाणी' आणि 'राणी' त्याला समोर बघून ओळखावं लागतं. गाणी तर डब्यात खडे घालून हलवल्यासारखी वाटतात म्हणतो. त्याने सीड्या नीट पुसल्या, जुन्या आणि नव्या वेगळ्या लावल्या आणि कपाट बंद केलं. कुरकुर नाही, चिडचिड नाही. कधी तरी म्हणतो, "पण नशीब बघ माझं. कान जायच्या आधी सगळी गाणी एकदा नव्याने ऐकायला मिळाली. पुन्हा घेतल्या ते बरं झालं ना?" मी हो म्हणते.

परवा जेवताना मी त्याला काहीतरी सांगत होते, सुपारी सोलायला बाया मिळत नाहीत असलं काही. तो जेवायचा थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, शब्द कळला नाही. मी पुन्हा सांगितलं.

"कळलं," तो म्हणाला. "आवाज बघतोय तुझा. मशीनमधून कुणी परकी बाई बोलते असं वाटतं. खणखणीत आहे, पण तुझा नाही." मग हसला. शाळेत मागच्या बाकावरून हसायचा तसा. "तुलापण रिमास्टर केलंय बघ कुणीतरी. माझी जुनी प्रतच बरी होती. ती कशी होती, तेच आठवत नाही आता."

मीही हसले. त्याला आणखी भात वाढला. सांगितलं नाही.