सर्वांना पोच

मराठी शुद्धलेखन तपासणारं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही काही हौशी लोक मिळून बनवतो. त्याचा कोड कोणीही वाचावा, सुधारावा. मला कोड लिहिता येत नाही, म्हणून माझ्याकडे मेलिंग लिस्ट सांभाळायचं काम आलं. एका पत्त्यावर मेल टाकली की ती दोनशे बारा सभासदांना जाते, एवढंच ते यंत्र. नाशिकला घरी बसून होईल असं वाटलं होतं.

कोडचा गाभा एकाच बाईंना कळतो. त्या सिन्नरला कारखान्यात नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी आमचं काम. एकदा त्यांचा फोन आला. "दादा, मला लिस्टमधून काढा. आठवड्यात चौऱ्याऐंशी मेल. कामाची एक शोधण्यात सुटी गेली."

मी मोजल्या. शहाऐंशी होत्या. त्यातल्या एकोणपन्नास मेलमध्ये एकच शब्द होता, 'पोच'. आमचे निम्मे सभासद निवृत्त शिक्षक आणि कारकून. कागद मिळाला की पोच द्यायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. एकाने दिली की दुसऱ्याला न देणं उद्धटपणाचं वाटतं.

बाई गेल्या तर सॉफ्टवेअर तिथेच थांबणार. म्हणून मी एका लिस्टच्या तीन केल्या : घोषणा, प्रश्न आणि कोड. कोडच्या लिस्टमध्ये नऊ माणसं पुरेशी होती. सगळ्यांना लिहिलं, 'कोणत्या लिस्टमध्ये राहायचं ते फक्त मला कळवा.' पण उत्तर दिलं की ते आपोआप सगळ्यांना जायचं. ती सेटिंग मीच कधीकाळी केली होती, कोणाचा प्रश्न अनुत्तरित राहू नये म्हणून. दुपारपर्यंत एकशे एकतीस मेल. 'तिन्हींत ठेवा.' 'मलाही तिन्हींत.' 'वरीलप्रमाणे.'

मग चांदवडच्या एका निवृत्त सरांचा फोन.

"कोडच्या लिस्टमध्ये आमचं नाव नाही म्हणे?"

"सर, तुम्ही कोड लिहिता का?"

"नाही. पण अकरा हजार शब्द कोणी गोळा करून दिले? आहेर घ्यायचा आणि पंगतीला बसवायचं नाही, असा प्रकार झाला हा."

"तिथलं वाचून कंटाळाल, सर."

"आमचा कंटाळा आम्ही बघू. तुम्ही कशाला काळजी करता?"

मी कोडची लिस्ट उघडली. त्यांना घेतलं. त्यांनी ते आनंदाने सगळ्यांना कळवलं, आणि दोन दिवसांत कोडच्या लिस्टमध्ये दोनशे चार माणसं झाली. सावध मंडळी प्रत्येक प्रश्न तिन्ही लिस्टवर टाकू लागली. बाईंना तीच मेल तीनदा जाऊ लागली. त्यांनी या वेळी फोन केला नाही. तिन्ही लिस्टमधून स्वतःच बाहेर पडल्या.

मीच फोन लावला.

"काम नाही सोडलं, दादा. लिस्ट सोडली. तुम्ही वाचा आणि कामाचं तेवढं मला पाठवा."

"मला कोडमधलं काय कळतं?"

"कोणता शब्द चुकीचा दाखवला आणि कुठल्या वाक्यात, ही दोन्ही ज्या मेलमध्ये असतील ती पाठवायची. एवढं जमेल ना?"

जमतं. रोज सकाळी चहा घेताना मी सगळ्या मेल वाचतो. आज सत्तावन्न होत्या, दोन पाठवल्या. ती सेटिंग बदलली आहे, पण लोक 'सर्वांना उत्तर' हे बटण शोधून दाबतात. जादा दोन लिस्ट बंद करायला हव्यात, हे मला कळतं. पण बंद करतो आहे असं आधी सगळ्यांना कळवावं लागेल. त्यामुळे अजून केलेल्या नाहीत.