शेरा : भाषा जड

मी आत जाऊन खुर्चीत बसले आणि मॅडम शेजारच्या सरांना म्हणाल्या, "जरा खिडकी उघडा. इथे कुठे मासळी वाळत घातलीय का?"

आमच्या कॉलेजची लायब्ररी. पुण्याहून एक कंपनी मुलाखतींना आली होती. एचआरमध्ये, म्हणजे माणसं निवडायच्या खात्यात, एक जागा होती. त्या सकाळी देवबागला आमची रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. माणसं कमी पडली, म्हणून मीही दोरी ओढली. मग दोनदा साबण लावून अंघोळ केली, चुलतबहिणीचा ड्रेस घातला. तरी मॅडमना वास आला. की अर्जावर वडिलांचा धंदा वाचून आला, कोण जाणे.

सर हसले. मीही हसले. राग आजही येतो, पण त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्या हसण्याचा जास्त.

"लोकांसमोर बसायचं काम आहे हे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे होमस्टे असतात ना, तिथे बघ काहीतरी." अर्जावर त्यांनी दोन शब्द लिहिले. मला ते उलटे दिसत होते, तरी वाचता आले. भाषा जड.

घरी आईने विचारलं, "काय झाला गो?"

"कळवतले," मी म्हटलं. कळवणार कोण होतं?

मग कुडाळात एका छोट्या ऑफिसात लागले. हॉटेलांना, कारखान्यांना माणसं शोधून द्यायची. दिवसभर फोन. तिथे काम शिकले आणि जीभही घासून घेतली. माका, तुका सगळं गिळलं. दोन वर्षांनी त्याच पुण्याच्या कंपनीत अर्ज टाकला. मुलाखत व्हिडिओवर झाली. व्हिडिओवर वास येत नाही. समोर त्याच मॅडम. त्यांनी मला ओळखलं नाही. गाव विचारलं, तर म्हटलं गोव्याच्या बाजूला. वडील? सीफूडचा बिझनेस.

"किती स्वच्छ बोलतेस," मॅडम म्हणाल्या. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला.

तिथे मी तो शेरा लिहायला शिकले. "पहिल्या मिनिटात कळतं," मॅडम सांगायच्या. फोनवर कुणी अडखळलं की भाषा जड. परभणीचा मुलगा, देवगडची मुलगी, सगळ्यांना एकच. खाली माझी सही. पटापट लिहायचे.

या वर्षी कंपनीने मुलाखतींसाठी मला माझ्याच कॉलेजात पाठवलं, मॅडमबरोबर. मला नोकरीत कायम व्हायला महिना उरला होता आणि त्या कागदावर सही मॅडमचीच लागणार होती. तीच लायब्ररी. फक्त मी आता टेबलाच्या अलीकडे.

मिठबावची एक मुलगी आली. वडिलांचा धंदा या रकान्यात तिने लिहिलं होतं, रापण. आई, बाबा आणि मी.

मॅडमनी ठरलेला प्रश्न विचारला. एका दिवसात तीस माणसं गोळा करायची आहेत, कशी करशील?

"मासो इलो काय माका घराघरात धाडतत," ती बोलून गेली. "सॉरी. मासे आले की मला घरोघर पाठवतात. कोण मोकळा आहे, कुणाच्या घरात आजारपण आहे, ते मला माहीत असतं. जाळ्याला दोन बाजूंना दोन दोऱ्या. ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे, त्यांना मी एका दोरीला लावत नाही."

मी पेन खाली ठेवलं. हे काम मी आठवीपासून करत आले होते. आणि मला वाटत होतं की माणसं जोडायला मी पुण्यात शिकले.

मॅडम हसल्या. "क्यूट. पण रापण म्हणजे काय, केटरिंग?" त्यांनी शेरा लिहून अर्ज सहीसाठी माझ्याकडे सरकवला. ती मुलगीही हसू लागली होती. माझंच हसू होतं ते.

"हसा नको गो," मी तिला म्हटलं. "रापण माका ठावक आसा. मी देवबागची." मग मॅडमकडे वळले. "याच खुर्चीत मी बसले होते. तुम्ही खिडकी उघडायला लावली होती."

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. खरंच आठवत नसणार. "सही कर. बाहेर रांग आहे. आणि तुझा कायम व्हायचा कागद माझ्याकडे आहे, विसरू नकोस."

शेऱ्याखाली मी लिहिलं, मला हे मान्य नाही, आज कामाचं उत्तर हिनेच दिलं. मग सही केली.

मुलीला घेतलं नाही. माझं कायम होणं लांबणीवर पडलं.

रापणीत दोरीला ज्याने हात लावला, त्याला मासळीचा वाटा मिळतो. तो बोलतो कसा, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं होतं. ते सगळे अर्ज कॉम्प्युटरात आहेत, माझ्या सहीनिशी. रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक उघडते आणि फोन लावते. "तुम्हाला नाकारलं ते मी. शेरा चुकीचा होता. पुन्हा अर्ज करा." काहीजण शिव्या देऊन फोन ठेवतात. बरोबरच आहे त्यांचं.

मॅडमना हे कळलं आहे. काढायचं तर काढू देत, आपणहून मी उठणार नाही. मिठबावच्या मुलीचा अर्ज पुढच्या जागेसाठी आला आहे. या वेळी शेऱ्याचा रकाना मी भरणार आहे.