होकार कुवेतवरून आला

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

मुरुडजवळच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. आज सकाळी रुखसानाभाभींची गर्भपिशवी काढायची होती. त्यांचे मिस्टर कुवेतला. त्यांचा होकार हवा म्हणून मी तासभर व्हिडिओ कॉल लावत बसले. शेवटी ते "हां, करा" म्हणाले आणि मी संमतीपत्रावर तसं लिहून टाकलं.

भाभी खाटेवरून हळूच म्हणाल्या, "सिस्टर, पिशवी माझी हाय ना? मला कुणी इचारलंच नाय."

कायद्यानं सही त्यांचीच लागते. नव्या नर्सना हे मीच शिकवते.

नवा फॉर्म त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "काढायलाच हवी काय?"

मी मान खाली घालून, त्यांना सगळं नीट सांगायला डॉक्टरांना बोलावलं.

तुमच्या आईच्या, बायकोच्या ऑपरेशनआधी होकार कुणाचा घेतला होता?