आईचं नाव कशाला

बाबा गेल्यावर धायरीच्या फ्लॅटचं काय करायचं, हे ठरायला आमच्याकडे पोह्यांची एक फेरी पुरली. भांडण नाही, तंटा नाही. आमच्या घरात मालमत्तेवरून कधी कुणी आवाज चढवलेला नाही, आणि त्याचा आम्हाला फार अभिमान. मामा सगळ्यांत मोठे, म्हणून सल्ला त्यांचा. "मृत्युपत्र नाही ना? मग चौघांचा सारखा हक्क. आई, दोन मुलगे आणि ही." ही म्हणजे मी. "तिघांनी हक्कसोडपत्र करून द्या आणि थोरल्याच्या नावावर होऊ दे सगळं. एकच नाव असलं की सोसायटीची कटकट नाही."

"आईच्या नावावर का नाही?" मी विचारलं.

"आईचं नाव कशाला?" मामा म्हणाले. "उद्या तिचं काही बरंवाईट झालं की परत हेच. परत वकील, परत खेटे."

हे आईच्या तोंडावर! आणि आई त्यांनाच पोहे वाढत होती. तिनं त्यांच्या बशीत आणखी थोडं खोबरं घातलं आणि म्हणाली, "खरंच की. मी काय कुठे जातेय? राहणार इथेच."

माझी जीभ मुळातच तिखट. मी म्हटलं, "मामा, आईच्या तेराव्याचा मेनूही आत्ताच ठरवून टाका. तेवढाच एक खेटा वाचेल." सगळे हसले. आईसुद्धा हसली. आणि ठरलंच.

दादाबद्दल गैरसमज नको. तो आईला कधी उलटून बोललेला नाही. तिच्या डोळ्यांत औषध घालायला तो ऑफिसातून लवकर घरी येतो. त्याच्या मनात काळंबेरं असतं तर मी त्याला तिथेच उभं-आडवं घेतलं असतं. पण कुणाच्याच मनात काही नव्हतं, आणि तेव्हा भांडायचं कुणाशी, हे मला कळेना.

वहिनी त्या दिवशी चहा देऊन आत निघून गेली. ती लोणी काळभोरची, दादाची बायको. बोलणं मोजकं. हे घर आता तिच्या नवऱ्याचं, म्हणजे तिचंच होणार होतं.

ठरल्या दिवशी आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. गर्दी ही एवढी! एक जोडपं नव्या फ्लॅटची नोंदणी झाली म्हणून अनोळखी लोकांना पेढे वाटत होतं. आईनंही एक घेतला आणि "सुखाने नांदा" म्हणाली. आमचा नंबर लागला. तिथे प्रत्येकाचा फोटो काढतात, यंत्रावर अंगठा घेतात, आणि ही माणसं तीच आहेत असं दोघांनी सही करून सांगावं लागतं. आमच्याकडून ती ओळख द्यायला मामा आणि वहिनी होते.

धाकट्याचं झालं, माझं झालं. मग आई खुर्चीत बसली. साहेबांनी विचारलं, "आजी, काय लिहिलंय ते कळलं ना? तुमचा हिस्सा सोडताय. नंतर 'द्या' म्हटलंत तर मिळणार नाही."

"हो हो. मुलालाच तर देतेय," असं म्हणून आईनं अंगठा पुढे केला.

वहिनीनं तिचं मनगट धरलं. "आई, अंगठा लावू नका. मी ओळखीची सही करणार नाही."

मामा उखडले. "अगं, घर तुझ्याच पदरात पडतंय. डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"माझ्या पदरात पडतंय म्हणूनच बोलतेय. दुसऱ्या कुणाचं असतं तर मला काय अधिकार?" मग ती दादाकडे वळली. एरवी शुद्ध बोलणारी ती एकदम लोणीचं बोलायला लागली. "अहो, तुम्ही चांगले हाय. माझे भाऊबी चांगलेच हायेत. माझ्या आईनं त्यांना अशीच सही करून दिली. आता ती दोन महिने ह्याच्याकडं, दोन महिने त्याच्याकडं. उपाशी कुणी ठेवत न्हाई. पण ती पिशवीतली लुगडी भायेर काढत न्हाई. म्हणती, परत भरायचीच हायेत."

साहेब म्हणाले, "ठरलं की सांगा, तोवर पुढच्यांना घेतो."

मी बघतच राहिले. मी ऑफिसात टेबल आपटून बोलणारी बाई. पण आपल्या हातात येणारं घर, भर गर्दीत, नवऱ्यासमोर, थोरांची बोलणी खात परत करायचं? बाप रे! मला नसतं जमलं, आजही जमणार नाही. तिनं आईचं मनगट अजून सोडलेलं नव्हतं.

दादानं टेबलावरचा कागद उचलून घेतला. मग आमच्याबरोबर आलेल्या वकिलांना म्हणाला, "कागद बदला. आम्ही तिघं भावंडं हक्क सोडतो. सगळं आईच्या नावावर."

"अरे पण..." आई म्हणाली.

"पण नाही, आई."

नवा कागद तयार झाला, सह्या झाल्या. वहिनीनं ओळखीची सही केली. आई घरी येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, रागावली की काय. चहा झाल्यावर ती वहिनीला म्हणाली, "तुझ्या आईला फोन लाव. मला बोलायचंय."

वहिनीनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. "विहीणबाई, इकडे या," आई म्हणाली. "राहायलाच या."

दादा दचकला. "अगं आई, आधी विचारायचं तरी!"

"कुणाला?" आईनं विचारलं. "घर माझं आहे."

तिच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. फोनमधून विहीणबाईंनी हळूच विचारलं, "किती दिसांसाठी येऊ?"

"दिवस कसले विचारताय?" आई म्हणाली. "असतील नसतील ते सगळे कपडे घेऊन या."

वहिनी ओट्याला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.