देवळापुढचा थांबा

पिंपळवंडीच्या चांगदेवभाऊंनी ९२ साली बँजो पार्टीत पहिल्यांदा कीबोर्ड आणला, तेव्हा ताशेवाल्यांनी तो लांबूनच पाहिला. एका बटणात ढोल, दुसऱ्यात टाळ्या, आणि वाजवणाऱ्याला घामसुद्धा येत नाही, हे त्यांना अन्यायाचं वाटलं. भाऊंनी मात्र वर्षभरात त्या परदेशी ठेक्याला लेझमीची चाल शिकवली.

एक नियम ते मोडत नसत. वरात मारुतीच्या देवळासमोर आली की वाजप बंद. चार मात्रा हात जोडायला, मग पुन्हा दणका. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की ९४ साली घरी बसून त्यांनी ठेक्याची कॅसेट भरली, तीतही ते मधूनमधून थांबले. घरात मारुती नव्हता, बायको प्रयागबाई होत्या. अशाच एका थांब्यात त्यांचा आवाज शिरला, "अवो, च्या निवतोय." दुसरी कोरी कॅसेट नव्हती, म्हणून ती तशीच राहिली आणि मंचरपर्यंत तिच्या कॉप्या गेल्या.

पुढे डीजे आले आणि भाऊंचा कीबोर्ड कपाटावर चढला. २००७ साली लेकीचं, समृद्धीचं लग्न ठरलं, तेव्हा भाऊंनी त्याला नवं कव्हर शिवून घेतलं. लेकीच्या लग्नात वाजवायचं, एवढीच हौस राहिली होती. पण पारगावच्या व्याह्यांनी, रखमाजींनी, आधीच डीजे सांगितलेला. "पावणं, तुमी नवरीचं बाप. मांडवात रुबाबात बसा," असं त्यांनी समजावलं. समृद्धीनं रुसून पाहिलं, पण उपयोग झाला नाही.

लग्नादिवशी दुपारी नवरदेवाची मिरवणूक आली. भाऊ मांडवाच्या दाराशी हार घेऊन उभे, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. डीजेच्या गाण्यात कुणी तरी मराठीत रॅप म्हणत होतं आणि खालच्या ठेक्यानं घरांचे पत्रे हादरत होते. जरा वेळानं भाऊंच्या हातातला हार आपोआप हलू लागला. ती लेझमीची चाल त्यांच्या ओळखीची होती.

तेवढ्यात ठेका थांबला. समोर किराणा दुकान होतं, तरी म्हाताऱ्यांचे हात सवयीनं जुळले. आणि भिंतीएवढ्या स्पीकरातून आवाज आला, "अवो, च्या निवतोय. च्या-च्या-च्या निवतोय." मग दणका. पोरं बेभान झाली. प्रयागबाईंनी पदरात तोंड लपवलं.

भाऊ गर्दीतून वाट काढत डीजेवाल्या अमृतपाशी पोचले आणि हे कुठनं आणलं म्हणून विचारलं.

"जुनी कॅसेट हाय, काका. आमच्यात सगळंच वापरत्यात. ब्रेक लई भारी हाय. कुणी वाजवलंय, म्हाईत न्हाई."

"म्या," भाऊ म्हणाले. "आन् त्यो ब्रेक न्हाई, मारुती हाय."

अमृत आधी भाऊंच्या पाया पडला, मग वायर शोधायला लागला. कपाटावरचा कीबोर्ड आणायला स्वतः रखमाजी गेले. भाऊ मिरवणुकीपुढं वाजवू लागले, समृद्धी मुंडावळ्या सावरत खिडकीतून बघत राहिली आणि मुहूर्त वीस मिनिटं पुढं गेला.

प्रयागबाईंनी मांडवातून दोनदा निरोप धाडला. च्या त्याही दिवशी निवलाच.