मीनलची एक ओळ, माझ्या नावावर

मीनल गेल्याची बातमी मला एका मेलमधून कळली, आणि ती मेल मला लिहिलेली नव्हती. रविवारची सकाळ होती. विरारच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडला होता. ज्या सी लायब्ररीवर, म्हणजे बहुतेक प्रोग्राम ज्याच्यावर उभे असतात त्या तयार कोडवर, मीनल कित्येक वर्षं काम करत होती, तिची एक मेलिंग लिस्ट आहे. देशोदेशींची मूठभर माणसं तिथे एकमेकांना लिहितात, आणि ज्याला हवं त्याला ते वाचता येतं. मी वाचायचे. त्या लिस्टवर मी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण वाचायचे रोज. त्या सकाळी मीनलच्या पत्त्यावरून मेल आली होती, मोडक्या इंग्रजीत, चारच वाक्यांची. मी मीनलचा भाऊ नीलेश, ताई काल दुपारी गेली, तिने तुम्हाला कळवायला सांगितलं होतं, आभारी आहे... मीनलचं गाव वटार, आमच्याकडून रिक्षाने अर्ध्या तासावर. पंचवीस वर्षांची आमची मैत्री. आणि मला ही बातमी कळली ती फिनलंडच्या आणि ब्राझीलच्या माणसांबरोबर, त्यांच्याच ओळीत उभी राहून. पहिल्यांदा दुःख झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की जातानासुद्धा तिने त्यांना आधी कळवलं.

दुपारपर्यंत लिस्टवर उत्तरं येत राहिली. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, ती माणसं लिहीत होती की तिच्याकडून आम्ही धीर धरायला शिकलो, की ती नवख्याच्या चुकीलाही दोन दिवस विचार करून उत्तर द्यायची. प्रत्येक उत्तर वाचताना मला वाटत होतं, हे माझं होतं, तुम्हाला कुणी दिलं?

आम्ही भेटलो अकरावीत, वसईच्या कॉलेजात. माझे वडील रत्नागिरीकडचे, नोकरीसाठी इकडे येऊन फ्लॅट घेतलेले. तिचं घराणं वटारचं, पिढ्यान्‌पिढ्या वाडी करणारं. केळी, सोनचाफा, थोडा मोगरा. ती कधीकधी कंपासपेटीत चाफ्याची फुलं घालून आणायची आणि तिच्या जर्नलांना तोच वास यायचा. घरी ती आईशी वाडीतल्या बोलीत बोलायची, जी मला धड कळायची नाही, आणि माझ्याकडे वळून तेच वाक्य पुस्तकी मराठीत सांगायची. मार्क मला जास्त असायचे. बारावीला, पुढे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक सेमिस्टरला, दरवेळी मलाच जास्त. पण वर्गात काही अडलं की मुलं तिच्या बाकाकडे जायची. तेव्हापासून मला ते टोचत आलंय. पहिला नंबर माझा होता, तरी पहिली मी नव्हते.

दुसऱ्या वर्षाला सी भाषेच्या प्रॅक्टिकलला आम्ही सगळ्यांनी फाइल उघडून त्यात आपलं नाव लिहायचा प्रोग्राम केला. माझा सगळ्यांच्या आधी झाला. मीनलचाही झाला होता, पण ती सही घ्यायला उठेना. सर जवळ आल्यावर म्हणाली, "सर, हे फाइलीत खरं लिहितं कोण? मी तर फक्त नाव घेऊन हाक मारली." सर म्हणाले, लायब्ररी लिहिते. ती म्हणाली, "आणि लायब्ररी कुणाला सांगते?" सरांनी घड्याळ बघितलं आणि ते सिलॅबसमध्ये नाही म्हणून सांगितलं. तिने ते त्या वर्षभरात एकटीने शोधून काढलं. आपल्या प्रोग्रामला डिस्क, पडदा, नेटवर्क यातल्या कशालाच स्वतः हात लावता येत नाही. सगळं कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगून करून घ्यावं लागतं. ते सांगणं म्हणजे सिस्टिम कॉल. कोणतं काम हवंय त्याचा नंबर प्रोसेसरच्या ठरलेल्या जागी ठेवायचा, सोबतची माहिती ठरलेल्या क्रमाने लावायची, एक विशिष्ट आज्ञा द्यायची आणि उत्तराची वाट बघायची. हे सगळं सी लायब्ररी गुपचूप करते, म्हणून बाकीच्या प्रोग्रामरना त्याची खबरही नसते. त्या बाकीच्यांत मी होते. मला वाटायचं, नसती उठाठेव आहे.

शिक्षण संपल्यावर मला अंधेरीला चांगली नोकरी लागली. तिलाही लागली होती, पण वर्षभरात तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. नीलेश तेव्हा शाळेत होता. वाडी बघायला कुणी नाही, म्हणून ती नोकरी सोडून घरी आली आणि घरूनच एका लहानशा कंपनीचं काम करू लागली. मी भेटायला गेले, तिचा हात हातात घेतला, वाईट झालं म्हणाले. परत येताना रिक्षात मला हलकं वाटत होतं. आता तरी ती मागे राहील, हे मी त्या वेळी स्वतःशी शब्दांत बोलले नव्हते. पण हलकं वाटलं होतं ते त्यामुळेच.

पुढे काही वर्षांनी आमच्या ऑफिसात एक जर्मन इंजिनिअर आला होता. जेवताना त्याने विचारलं, तू राहतेस कुठे? मी सांगितलं, मुंबईच्या वर, विरारला. तो चमच्यासकट थांबला. म्हणाला, वसईजवळ ना? मग तू मीनल राऊतला ओळखत असशील. माझ्या घासाला चव राहिली नाही. सिस्टिम कॉलची ती सगळी बाजू, कॉल मध्येच तुटला तर काय करायचं, कर्नेलने चुकीचा आकडा दिला तर प्रोग्रामला कसं सांगायचं, हे आता ती सांभाळते, असं तो मला समजावून सांगत होता. केळीला पाणी सोडून ती हे करत होती, आणि मला तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी ती मेलिंग लिस्ट शोधून काढली.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हे ज्या रविवार पुरवणीसाठी लिहितेय ती माझे ऑफिसातले मराठी सहकारी वाचतात, वाचू देत. आमची कंपनी शीतगृहांतलं तापमान नोंदवणारी यंत्रं बनवते. त्यातल्या काही यंत्रांत नोंदी मधूनच गायब व्हायच्या, किंवा एका खोलीची नोंद दुसऱ्याच खोलीच्या फाइलीत सापडायची. माझ्या हाताखालची टीम तीन आठवडे शोधत होती. शेवटी एका शनिवारी दुपारी मी वटारला गेले. मीनल वाडीत होती, शिंपणासाठीच्या तळ्याच्या, म्हणजे बावखलाच्या काठावर पाय सोडून बसलेली. मी सगळं सांगितलं. तिने जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान मांडीवर घेतलं.

"समज, तू कर्नेलला म्हणालीस, सात नंबरची फाइल बंद कर," ती म्हणाली. "तेवढ्यात टायमरने हाक मारली आणि तुला उत्तर आलं, मध्येच व्यत्यय आला. तू काय करशील?"

"पुन्हा सांगेन, बंद कर."

"पण कर्नेलने ती आधीच बंद केलेली असते गं. सात नंबर मोकळा झाला. तेवढ्यात तुमच्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाने नवी फाइल उघडली, तिला सात नंबर मिळाला. आणि तू पुन्हा म्हणतेस, सात बंद कर."

"म्हणजे दुसऱ्याचीच फाइल बंद होते."

"आणि ती उघडी आहे असं समजून तो लिहीत राहतो. पुढे सात नंबर ज्याला मिळेल त्याच्या फाइलीत." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "तुमची चूक नाही ही. व्यत्यय आला की पुन्हा सांगायचं, हे लायब्ररीतच लिहिलंय. मीच लिहिलंय ते."

तिला त्याची लाज वाटत नव्हती. मला मात्र आनंद झाला, अगदी उकळी फुटली, की मीनल चुकली. तो आनंद घरी पोचेपर्यंतही टिकला नाही, कारण चूक कळल्यावर दुरुस्तीला तिला एक ओळ पुरली होती. बंद करताना व्यत्यय आला असं उत्तर आलं, तर ते झालं असंच समजायचं आणि पुढे जायचं. सोमवारी मी मीटिंगमध्ये ती सगळी आकृती फळ्यावर काढली. कुणीतरी विचारलं, हे सापडलं कसं? मी म्हणाले, शनिवार-रविवार बसले होते त्यावर. एवढंच म्हणाले. खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात, आणि सगळंच खोटं होतं. आठवड्याने मीनलचा फोन आला, "ऑफिसात सांगितलंस का?" मी म्हटलं, "हो, सांगितलं." काय सांगितलं, ते तिने विचारलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी तिची ती ओळ लायब्ररीत गेली. प्रत्येक बदलासोबत एक टिपण लिहायचं असतं. तिने लिहिलं होतं, चूक माझी, हा दोष वृंदाने शोधून दिला. माझं पूर्ण नाव, आडनावासकट. आमच्या साहेबांनी ते वाचलं आणि सगळ्या ऑफिसला पाठवलं. माझ्या खोटेपणावर तिच्या चांगुलपणाचा शिक्का बसला. त्या वर्षी मला बढती मिळाली. लोकांना वाटेल, मला त्यानंतर तिच्याविषयी कृतज्ञता वाटली असेल. मला राग आला होता. श्रेय देऊन टाकताना तिचं काहीच कमी झालं नव्हतं, आणि ते घेऊन माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. मी वटारला जाणं कमी केलं. वाढदिवसाला फोन, कधी दिवाळीला... बस्स.

गेल्या वर्षी तिला पोटाचा कॅन्सर निघाला. तो उशिरा कळला. शेवटची भेटले तेव्हा ती माजघरात खाटेवर उशीला टेकून होती, हातांच्या काड्या झालेल्या. काकूंनी, तिच्या आईने, मला सरबत दिलं आणि त्या वाडीत निघून गेल्या, आम्हाला बोलता यावं म्हणून. मीनल आजाराबद्दल बोलली नाही. एका नव्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी सिस्टिम कॉलचा भाग ती लिहीत होती, त्याबद्दल बोलली.

"लिहून झालंय, पण दुसऱ्या कुणी बघायला हवं," ती म्हणाली. "तू बघशील? तुझी नजर बारीक आहे."

मला वाटलं, टोमणा मारतेय. इतक्या वर्षांनी, अशा अवस्थेत. मी म्हणाले, "सध्या ऑफिसात फार काम आहे गं." ती "बरं" म्हणाली. मग सोनचाफ्याला यंदा कळ्या कमी आहेत असं काहीतरी बोलली, आणि मी उठले. त्या "बरं"मध्ये टोमणा नव्हता. तिला टोमणा मारता येतच नव्हता, हे पंचवीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

तेराव्याला मी वटारला गेले. नीलेश आता वाडीही बघतो आणि वसईला शाळेत शिकवतोही. त्याला मी विचारलंच. म्हटलं, मला फोन का नाही केलास? तो गोंधळला. "ताई म्हणाली होती लिस्टवर टाक, वृंदाला तिथेच कळेल. ती रोज वाचते म्हणाली." मी विचारलं, तिला कसं माहीत? "तुम्ही आलात की ताईने लिस्टवर लिहिलेल्या गोष्टी तुम्ही बोलायचात ना. ताईने तुम्हाला सांगितलेल्या नसायच्या. ती हसायची नंतर. म्हणायची, वाचते, पण लिहीत नाही." तो हे अगदी सहज सांगत होता. मी ओटीवर बसूनच राहिले... तिथून लवकर उठवेना.

मग त्याने मला तिची खोली दाखवली. माडीवरची, एका खिडकीची. टेबलावर हाताच्या पंजाएवढा एक सर्किट बोर्ड होता, उघडाच, त्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. नीलेश म्हणाला, हे काय आहे ते मला कळत नाही, बंद करू की ठेवू, तुम्ही सांगा. मी बघितलं. तो नवा प्रोसेसर होता. रोज पहाटे तो लायब्ररीची ताजी प्रत घ्यायचा, तिच्यावर मीनलने लिहिलेल्या सगळ्या चाचण्या चालवायचा आणि निकाल तिच्या नावाने लिस्टवर पाठवायचा. लिस्टवर ती पत्रं मी कधी उघडत नसे, नुसतेच आकडे म्हणून. मीनल गेल्यावरही ती पत्रं रोज येत होती. मी म्हटलं, राहू दे चालू.

घरी येऊन मी तिचं ते शेवटचं काम उघडलं. तीन शनिवार लागले. मला तिथे एक चूक सापडली. कर्नेलला एका वेळी सहा गोष्टी सांगायच्या असतात तेव्हा सहावी भलत्याच जागी ठेवली जात होती. ती बहुतेक वेळा शून्यच असते, म्हणून चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती. मला आनंद झाला, तोच जुना, उकळी फुटणारा. फोन हातात घेऊन मी तिचं नाव काढलंसुद्धा, आणि मग तो पालथा घालून ठेवला. ज्या एकाच माणसाला ही चूक दाखवून मला मोठं व्हायचं होतं, ते माणूसच आता उरलं नव्हतं.

दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीसाठी एक नवी चाचणी लिहिली. टिपणात लिहिलं, मूळ काम मीनलचं, आणि त्याखाली, फाइल बंद करण्याच्या त्या जुन्या ओळीबद्दल, दोष मी नव्हे, मीनलनेच शोधला होता ते. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या लिस्टवर पाठवलं. जुन्या ओळीबद्दल कुणीही काही बोललं नाही. ब्राझीलच्या एकाने लिहिलं, बरोबर दिसतंय, आणि ते लायब्ररीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नावाने पत्र आलं. लांबच लांब यादी, एकेका चाचणीपुढे "पास". मी बोट ठेवत खाली खाली गेले. माझी चाचणी शेवटून तिसरी होती. पास. मी ते पत्र पुन्हा एकदा वरपासून वाचलं, आणि डबा भरायला उठले.